झोपेची गोळी नको, आधी लॅनची वायर

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, इंजिनीअरिंगला आहे. घरी १०० एमबीपीएसचं फायबर असूनही कॉम्प्युटरवर एक गेम उतरायला रात्र जाते आणि हा समोर जागत बसतो. सकाळी डोकं जड, डोळे चुरचुरतात, चिडचिड. झोपेची साधीशी गोळी द्यावी का?

उत्तर : देऊ नका. निद्रानाशाचा रुग्ण अंथरुणावर पडतो आणि त्याला झोप येत नाही. तुमचे चिरंजीव अंथरुणापर्यंत पोचतच नाहीत. त्याला औषध केमिस्टकडे नाही, म्हणून आज थोडं राउटरकडे बघू.

आधी तक्रार खरी आहे का ते तपासा. प्लॅनमधले एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. गेम उतरवायच्या स्टीम या ॲपवर डाउनलोडचा वेग सहसा मेगाबाइटमध्ये दिसतो आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणजे १०० च्या कनेक्शनवर स्क्रीनवर ११-१२ दिसत असतील तर लाइन ठणठणीत आहे. त्या वेगानेही १०० जीबीच्या गेमला सव्वादोन-अडीच तास लागणारच. मात्र तेवढ्याच गेमला सात तास लागत असतील तर वेग चारवर आलाय, आणि मग कारण शोधायला हवं.

बहुतेक घरांत ते वायफायमध्ये सापडतं. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, मुलगा आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती आणि एखादं लोखंडी कपाट. फायबर राउटरपर्यंतच येतं, पुढचा प्रवास हवेतून. २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय लांब पोचतं पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गर्दीत अडकतं. ५ गिगाहर्ट्झचं वेगवान, पण भिंतीपुढे हात टेकतं. लॅनची केबल थेट कॉम्प्युटरला लावून तोच गेम उतरवून बघा. वेग वाढला तर कंपनीला फोन करायची गरज नाही, लांब केबल आणा.

केबल लावूनही फरक नसेल तर रात्री दहाचा आणि सकाळी सहाचा वेग ताडून बघा. रात्रीच मंद असेल तर गर्दी आहे. स्टीमच्या सेटिंगमध्ये डाउनलोड रीजन बदलून बघता येतं. महिनाअखेरीसच मंदावत असेल तर डेटाची मर्यादा संपली असेल. आणि नेटचा आलेख शून्यावर येऊन डिस्क मात्र शंभर टक्के राबत असेल, तर दोष लाइनचा नाहीच. गेम दाबून बांधलेल्या स्वरूपात येतो आणि जुन्या हार्ड डिस्कला तो उलगडताना धाप लागते. तिथे एसएसडी हाच इलाज.

आता त्याला एक प्रश्न विचारा : वाट बघताना तू काय करतोस? उत्तर बहुधा ‘दुसरा गेम खेळतो’ असं येईल. मूळ सेटिंगमध्ये गेम सुरू केला की स्टीम डाउनलोड थांबवतं! म्हणजे वेळ जावा म्हणून जो खेळ चालतो तोच वेळ वाढवतो. गेमप्लेच्या वेळी डाउनलोड चालू ठेवायची सोय सेटिंगमध्ये आहे. माझं मत विचाराल तर ती वापरूच नये. डाउनलोड लावावं, कॉम्प्युटर आपोआप स्लीपमध्ये जाणार नाही असं करावं, मॉनिटर बंद करावा आणि झोपावं. प्लेस्टेशन असेल तर रेस्ट मोडमध्ये इंटरनेट चालू ठेवलं की काम होतं.

या वयात किमान सात तास झोप हवी. रात्री उशिरापर्यंत डोळ्यांवर प्रकाश पडला की मेलाटोनिन उशिरा पाझरतं आणि झोप पुढे सरकते. दहा वाजता घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन तीनच्या सुमारासही रक्तात असू शकतं. स्क्रीनकडे टक लावली की पापण्या कमी मिटतात, म्हणून डोळे चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघावं, पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये. चष्म्याचा नंबरही एकदा तपासून घ्या. लाली जावी म्हणून दुकानातून थेंब मात्र आणू नका. त्यांत स्टिरॉइड निघालं तर डोळ्याचा दाब वाढतो.

‘हे व्यसन तर नाही?’ ही धास्ती तुमच्या प्रश्नामागे असावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंग डिसऑर्डर आहे. पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटावा लागतो, बाकी सगळं मागे पडावं लागतं, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहावा लागतो, आणि हे साधारण वर्षभर. डाउनलोडसाठी जागणं त्यात बसत नाही. मात्र गेम उतरलेला असूनही कॉलेज बुडतंय, जेवणाचं ताट खोलीत जातंय, मित्र तुटलेत असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. तिथे मराठीतही बोलता येतं.