टाकीतील मासे कोठे गेले?

घरात काचेची टाकी ठेवून तीत मासे पाळण्याची हौस पुष्कळांना असते. बहुतेकांच्या टाकीत गोडे पाणी असते. काही मंडळी मात्र समुद्रातील मासे पाळतात. हे काम कष्टाचे आहे. पाण्यात मूठभर मीठ टाकून भागत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकीतही तेच प्रमाण राखावे लागते. पाण्याची वाफ होते, पण क्षार मागेच राहतात. म्हणून उणे झालेले पाणी वेळोवेळी भरावे लागते. एवढे सारे जमले आणि निळे, पिवळे, नारिंगी मासे खडकांच्या कपारींतून हिंडू लागले, की पाहणाऱ्याची नजर तेथून हलत नाही.

आणि मग एखाद्या सकाळी मोजताना एक मासा कमी भरतो. पाण्यावर प्रेत तरंगत नाही, तळाशी काटा दिसत नाही, खवलासुद्धा सापडत नाही. चार दिवसांनी आणखी एक मासा नाहीसा होतो. चारी बाजूंना काच; मग मासा गेला कोठे?

हे कोडे आजचे नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन या शहरात १८७२ साली एक मोठे मत्स्यालय उघडण्यात आले. हेन्री ली नावाचे निसर्गशास्त्रज्ञ तेथे काम पाहत असत. मत्स्यालयातील एका टाकीत लम्पफिश नावाच्या माशाची पिले ठेवली होती. हा मासा गोलसर, लठ्ठ आणि मंद. त्याच्या पोटाखाली वाटीसारखा एक अवयव असतो. त्याच्या योगाने तो खडकाला घट्ट चिकटून बसतो. ही पिले एकामागून एक नाहीशी होऊ लागली. रात्र उलटावी आणि संख्या घटावी, असा क्रम सुरू झाला. टाकीत तर त्यांना खाणारे कोणीच नव्हते. अखेर एके दिवशी त्या टाकीत एक अनोळखी पाहुणा आढळला. तो होता शेजारच्या टाकीतील ऑक्टोपस! रात्री मधली भिंत ओलांडून यावे, एका पिलाचा समाचार घ्यावा आणि उजाडण्यापूर्वी स्वगृही परतून साळसूदपणे बसावे, असा त्याचा परिपाठ होता. त्या दिवशी मात्र परतायला त्याला उशीर झाला. ली यांनी १८७५ साली ऑक्टोपसवर लिहिलेल्या पुस्तकात ही हकीकत नमूद केली आहे.

ऑक्टोपसच्या अंगात एकही हाड नसते. पोपटाच्या चोचीसारखे त्याचे तोंड तेवढे कठीण असते. चोच शिरेल एवढी फट मिळाली, की उरलेले अंग मागोमाग ओढून नेणे त्याला अवघड जात नाही. अंग ओले आहे तोवर तो थोडा वेळ पाण्याबाहेरही तग धरतो. तेव्हा एक भिंत ती काय!

घरच्या टाकीत ऑक्टोपस सहसा नसतो. तेथे शोधाचा आरंभ टाकीबाहेर करावा लागतो. पुष्कळ सागरी मासे बिचकले म्हणजे उसळी मारतात. टाकीला झाकण नसेल, तर असा मासा जमिनीवर पडून कपाटाखाली सुकून गेलेला आढळतो. कधी तो पाणी गाळण्याच्या यंत्रात अडकलेला असतो. काही जातींचे मासे तर रात्री वाळूत शिरून झोपतात आणि नव्या टाकीत आल्यावर दिवसचे दिवस वर येत नाहीत. मालक हळहळत असतो आणि मासा खाली सुखरूप असतो.

यांतले काहीच घडले नसेल, तर संशय टाकीतील रहिवाशांवर येतो आणि येथेच बहुधा अन्याय होतो. रात्री विजेरी घेऊन पाहावे, तर मेलेल्या माशाभोवती केसाळ अंगाचे लांबट किडे आणि शंख पाठीवर वाहणारे खेकडे जमलेले दिसतात. मालकाला वाटते, सापडले मारेकरी! तो चिमट्याने एकेक किडा वेचून काढतो. वस्तुतः यांतील बहुतेक किडे मेलेल्यावरच जगतात. मासा रोगाने किंवा अशक्तपणाने आधीच मेलेला असतो. हे प्राणी रातोरात प्रेताचा फडशा पाडतात, म्हणून सकाळी काही उरत नाही. प्रेत तसेच कुजले असते, तर पाण्यात अमोनिया हा विषारी पदार्थ वाढून बाकीचे मासेही धोक्यात आले असते. म्हणजे मालक ज्यांना हाकलतो, तेच टाकीचे सफाईवाले असतात.

मात्र दर वेळी आरोपी निर्दोषच असतो असेही नाही. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातील न्यूकी येथे समुद्रकाठी एक मत्स्यालय आहे. २००९ साली तेथील प्रवाळांच्या टाकीत विलक्षण प्रकार घडू लागले. मासे जखमी होत, काही नाहीसेच होत. प्रवाळांचे तर कापल्यासारखे दोन तुकडे झालेले आढळत. सेवकांनी आमिषे लावून सापळे मांडले. आमिष जाई, चोर सापडत नसे. शेवटी सारी टाकी उपसून एकेक खडक बाहेर काढण्याचे ठरले. तेव्हा खडकांतून निघाला सुमारे चार फूट लांबीचा एक सागरी कृमी! जाड दोरा तोडण्याइतके त्याचे जबडे बळकट होते. त्याला ‘बॅरी’ असे नाव मिळाले आणि राहायला स्वतंत्र टाकी मिळाली. शिक्षा म्हणावी तर ही फारच सौम्य.

हा एवढा मोठा प्राणी आत आला कसा? तो आला तेव्हा मोठा नव्हताच. अशा टाक्यांत समुद्रातील सच्छिद्र खडक मुद्दाम ठेवतात; त्यांच्या छिद्रांत राहणारे सूक्ष्म जीवाणू अमोनियाचे रूपांतर कमी घातक पदार्थांत करतात. त्याच छिद्रांतून अंडी आणि बारीक पिलेही येतात. बॅरीही असाच, लहान असताना, खडकातून आला असावा, असा तर्क करण्यात आला.

हे कृमी गांडुळाचे दूरचे नातेवाईक होत. त्यांच्यात सर्वांत विख्यात म्हणजे उष्ण समुद्रांत राहणारा बॉबिट कृमी. जपानमधील एका बंदरात तराफ्याच्या आत दडून राहिलेला असा एक कृमी २००९ साली सापडला; त्याची लांबी २९९ सेंटिमीटर आणि वजन अवघे ४३३ ग्रॅम भरले. वाळूत उभे बीळ करून तो डोक्याचे टोक तेवढे वर ठेवतो. डोक्यावर पाच स्पर्शिका असतात. एखाद्या माशाचा स्पर्श झाला, की कात्रीसारखे जबडे मिटतात आणि मासा क्षणार्धात वाळूखाली ओढला जातो. वर फक्त गढूळ पाणी दिसते.

न्यूकीच्या टाकीतला चोर शोधताना माणसांना सारे खडक उपसावे लागले. समुद्रातले मासे मात्र स्वतःच त्याचा पत्ता जाहीर करतात. इंडोनेशियातील लेंबे सामुद्रधुनीत शास्त्रज्ञांना एक दृश्य आढळले आणि त्याचे वर्णन २०१६ साली प्रसिद्ध झाले. तेथील एका जातीच्या लहान माशाला हा कृमी दिसला, की तो बिळासमोर थांबून तोंडातून पाण्याची पिचकारी थेट त्याच्यावर सोडतो. ते पाहून दुसरे मासे जमतात, तेही पिचकाऱ्या मारू लागतात. लपण्याची जागा उघडकीस आली, की कृमी अंग आखडून वाळूत खोल शिरतो आणि मासे थोड्या वेळाने आपापल्या वाटेने निघून जातात.