थंडीआधी कूलंट तपासा: प्रेअरीत नव्याने आलेल्यांसाठी

कॅल्गरी, एडमंटन, सास्काटून, विनिपेग या पट्ट्यात स्थिरावलेल्या मराठी घरांतून गोळा केलेल्या सूचनांत जॅकेट आणि बुटांवर सगळेच भरभरून बोलतात. कूलंटचा विषय मात्र कुणाची तरी गाडी रस्त्यात उभी राहिल्यावरच निघतो. नव्याने आलेल्यांची पहिली गाडी बहुधा जुनी घेतलेली असते आणि आधीच्या मालकाने तिच्यात काय ओतलंय ते देव जाणे. म्हणून हे काम ऑक्टोबरच्या आत उरकावं.

कसारा किंवा खंबाटकी घाटात गाडी तापली, की बाजूला घेऊन बाटलीतलं पाणी ओतायचं, हे आपण लहानपणापासून बघत आलोय. इथे ती सवय सोडायची. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं; उणे तीसच्या रात्री रेडिएटर तर फुटतोच, इंजिनचा ओतीव धातूही तडकू शकतो. निम्मं इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मं पाणी हे मिश्रण मात्र साधारण उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं. आणि निव्वळ ग्लायकॉल आणखी चांगलं असेल, असं समजू नका. ते उणे १३च्या आसपासच गोठायला लागतं! दुकानात दोन प्रकारचे कॅन शेजारी शेजारी ठेवलेले असतात: एक तयार मिश्रणाचा, दुसरा अर्काचा. पहिल्यांदा घेताना तयार मिश्रणच घ्या. अर्क घेतलाच तर त्यात डिस्टिल्ड वॉटर मिसळा, नळाचं नको; त्यातले क्षार आत साचतात.

कूलंटची टाकी शोधणं सोपं आहे. बॉनेटखाली रेडिएटरजवळ किंवा एका कडेला पांढरट, अर्धपारदर्शक प्लास्टिकची टाकी दिसेल. तिच्यावर कमाल-किमान पातळीच्या दोन खुणा असतात. शेजारीच काच धुण्याच्या पाण्याची टाकी असते आणि गफलत नेमकी तिथे होते. तिच्या झाकणावर काचेचं आणि फवाऱ्याचं चित्र असतं. ते निळं पाणी कूलंटमध्ये गेलं, तर इंजिन चालू करू नका. मेकॅनिककडून सगळं काढून धुऊन घ्या.

पातळी बघायची ती इंजिन पूर्ण थंड असताना, सपाट जागेवर. इंजिन गरम असताना टाकीचं झाकण उघडायचं नाही, म्हणजे नाहीच. आत दाबाखाली असलेलं, शंभर अंशांच्या आसपासचं पाणी थेट तोंडावर येतं. थंड झाल्यावरही झाकणावर जाड फडकं धरून आधी थोडंसंच फिरवावं. मग दोन खुणांच्या मधे येईल इतकंच भरावं. काठोकाठ भरलं तर तापल्यावर फुगायला जागा राहत नाही.

रंग बघून कूलंट घेऊ नका. गुलाबी, निळा, नारिंगी, हिरवा हे त्या त्या कंपनीने घातलेले रंग. त्यांना सर्वमान्य असं प्रमाण नाही. गाडीच्या पुस्तिकेत कूलंटचा कोणता प्रकार लिहिलाय तो वाचा आणि तोच मागा. वेगळ्या प्रकारांची सरमिसळ झाली, की गंज रोखणारी रसायनं निकामी होऊ शकतात. मिश्रण किती थंडी सोसेल हे सांगणारं छोटं मापक गाड्यांच्या दुकानात स्वस्तात मिळतं. जुन्या गाडीसाठी ते घ्याच.

गाडीतली ऊबही याच कूलंटमधून येते, हे फार जणांना ठाऊक नसतं. सिग्नलला थांबल्यावर हीटरमधून गार हवा यायला लागली, तर आधी टाकीकडे बघा. भरूनही पातळी पुन्हापुन्हा खाली जात असेल, तर कुठेतरी गळतंय. गाडीत गोडसर वास, काचेवर आतून चिकट धुकं, हीदेखील त्याचीच लक्षणं. इंजिन ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी टो करूनच गॅरेजला न्या.

ग्रिलमधून लोंबणारी वायर बघून नवखे गोंधळतात. ती ब्लॉक हीटरची. पार्किंगमधल्या प्लगला जोडली की इंजिनमधलं कूलंट कोमट राहतं. रात्रभर लावायची गरज नसते. निघायच्या तीन-चार तास आधी सुरू होईल असा टायमर लावला की पुरतं.

एक गोष्ट जपा. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जालीम विषारी असतं; कुत्र्या-मांजराचा जीव थोड्याशा घोटानेही जातो. कॅन मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. ड्राइव्हवेवर सांडलं तर त्यावर मांजरांसाठी मिळणारी माती पसरा, शोषून झाल्यावर भरून घ्या. जुनं कूलंट गटारात न ओतता शहराच्या घातक कचरा केंद्रावर नेऊन द्या.