आधी कागद, मग हेतू

एखाद्या न्यायाधीशावर भ्रष्टाचाराचा आरोप झाल्याची बातमी आली की पाठोपाठ एक वाक्य हमखास येतं : ‘यामागे राजकारण आहे.’ कधी ते आरोप झालेली व्यक्ती म्हणते, कधी तिच्या बाजूचे लोक. कधी आपणच म्हणतो आणि पेपरची घडी घालून मोकळे होतो. वृत्तलेखनाच्या तासाला मी विद्यार्थ्यांना सांगतो, या वाक्यापाशी थांबू नका. अशा बातमीत दोन प्रश्न असतात. आरोप खरा आहे का? आणि तो करणाऱ्याचा हेतू काय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याला चालत नाही. हे समजून घ्यायला एक जुनं प्रकरण फार उपयोगाचं आहे.

न्या. व्ही. रामस्वामी १९८७ ते १९८९ या काळात पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. तिथून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. चंदीगडला असताना सरकारी निवासस्थानासाठी झालेल्या फर्निचर, गालिचे वगैरे खरेदीवर ऑडिटमध्ये आक्षेप निघाले. हा ऑडिटचा अहवाल ‘द लॉयर्स’ या मासिकाने एप्रिल १९९० च्या अंकात छापला. वर्तमानपत्रांनीही विषय लावून धरला. इथे एक गोष्ट बघा. बातमीचं बळ विशेषणांत नव्हतं, सरकारी कागदात होतं.

पुढे लोकसभेच्या १०८ सदस्यांनी सह्या करून रामस्वामींना पदावरून दूर करण्याची मागणी केली. १२ मार्च १९९१ रोजी सभापती रवी राय यांनी ती दाखल करून घेतली. सह्या करणारे खासदार, म्हणजे राजकारणी होतेच. ‘दक्षिणेतल्या न्यायमूर्तींना मुद्दाम लक्ष्य केलं जातंय’ असाही सूर निघाला. चौकशी समितीचे अध्यक्ष होते सर्वोच्च न्यायालयातले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत. समितीपुढे १४ आरोप होते. त्यांतले ११ सिद्ध होतात, असा निष्कर्ष समितीने काढला.

१० आणि ११ मे १९९३ रोजी लोकसभेत चर्चा झाली. सोमनाथ चटर्जी यांनी प्रस्ताव मांडला, कपिल सिब्बल यांनी वकील म्हणून रामस्वामींची बाजू मांडली. मतं अशी पडली : बाजूने १९६, विरोधात एकही नाही, तटस्थ २०५. तटस्थ राहिले ते काँग्रेस आणि तिचे मित्रपक्ष. न्यायाधीशाला काढायचं तर सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं, शिवाय मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. प्रस्ताव पडला. म्हणजे राजकारण शोधायचंच असेल तर ते फक्त आरोप करणाऱ्यांत शोधून भागत नाही. गप्प बसणाऱ्यांतही ते सापडतं.

आता आपल्या भाषेचा प्रश्न. या निकालाची बातमी तुम्ही कशी लिहाल? ‘निर्दोष सुटले’ म्हणता येत नाही, कारण समितीचा अहवाल तसं सांगत नाही. ‘गुन्हेगार ठरले’ हेही म्हणता येत नाही. मराठीत यासाठी चांगले नेमके शब्द आहेत. ऑडिटने घेतला तो आक्षेप. खासदारांनी केला तो आरोप. समितीने ठेवला तो ठपका. कोर्टात खटला चालून गुन्हा शाबीत झाला तर ती दोषसिद्धी, आणि ती इथे झालीच नाही. या चार पायऱ्या आहेत. एका पायरीचा शब्द दुसरीवर वापरला की बातमी खोटी होते, लिहिणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

आणि चुकीची किंमत काय असते, तेही सावंतांच्याच बाबतीत दिसलं. निवृत्तीनंतर ते प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले. २००८ मध्ये गाझियाबादच्या भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत, नावात साम्य असलेल्या दुसऱ्या एका न्यायाधीशाऐवजी ‘टाइम्स नाऊ’ने सावंतांचा फोटो काही सेकंद दाखवला. पुण्याच्या न्यायालयाने २०११ मध्ये त्यांना १०० कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. एवढ्या मोठ्या रकमेने पत्रकारांना धाक बसेल, अशी टीकाही झाली. पण बघा, इथे राजकीय हेतूचा प्रश्नच नव्हता. फोटो तपासला नाही, एवढंच.

अवमानाच्या १९७१ च्या कायद्यात २००६ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून ‘मी लिहिलं ते खरं आहे’ हा बचाव घेता येतो, मात्र लिखाण जनहिताचं आणि प्रामाणिक असलं पाहिजे. यावर वर्गात कोणीतरी विचारतंच, ‘सर, मग कायदाही हेतू बघतोय की!’ बघतो ना. पण खरेपणाच्या जोडीला बघतो, त्याच्या जागी नाही.

म्हणून या महिन्याचा अभ्यास असा. न्यायालयाबद्दलची एक बातमी कापून वहीत चिकटवा आणि खाली तीन उत्तरं लिहा. बातमीमागे कागद कोणता आहे? वापरलेला शब्द कोणत्या पायरीचा आहे? आणि दुसऱ्या बाजूने आरोपाला उत्तर दिलंय, की फक्त आरोप करणाऱ्याला?

बेळगावच्या मुलांना हा अभ्यास जास्तच गरजेचा आहे. आपल्या सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. उद्या निकाल कोणत्याही बाजूने लागला, तरी एका बाजूच्या पेपरात ‘न्यायाधीश विकले गेले’ आणि दुसऱ्या बाजूच्या पेपरात ‘हे सगळं राजकारण’ असं छापून येऊ शकतं. दोन्ही भाषांतले पेपर वाचता येणारी माणसं आपल्याच गावात आहेत. दोघांनाही एकच प्रश्न विचारायचं काम मग आपल्याकडेच येतं : कागद कुठाय?