फोटोत एकच डोळा पिवळा का?

प्रश्न : माझा नातू साडेचार वर्षांचा आहे. वाढदिवसाला फ्लॅश मारून काढलेल्या दोन-तीन फोटोंत त्याचा उजवा डोळा लाल, तर डावा पिवळा दिसतो. ‘कोट्सचा आजार असू शकतो, पण आणखी तपासण्या करू,’ असं डॉक्टर म्हणाले. पोरगं मजेत खेळतंय. मग एकाच डोळ्याला हे कसं झालं? आणि एवढ्या तपासण्या कशाला?
— एक आजी, सातारा

उत्तर : आजी, फोटो इतके निरखून पाहिलेत, फार बरं केलंत. हा आजार पुष्कळदा असाच घरच्यांच्या नजरेला पडतो.

फ्लॅशचा उजेड बाहुलीतून आत जातो आणि पडद्यामागच्या रक्ताने भरलेल्या थरावरून परत येतो, म्हणून डोळा लाल दिसतो. कोट्सच्या आजारात पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, पाझरू लागतात आणि पडद्याखाली कोलेस्टेरॉलचा पिवळा साका बसतो. फोटोत चमकतो तो हाच. जॉर्ज कोट्स या स्कॉटिश नेत्रतज्ज्ञाने १९०८ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. तो जास्त करून मुलग्यांना होतो आणि दहांतल्या नऊ जणांना तरी एकाच डोळ्यात. तो आई-वडिलांकडून येत नाही, तेव्हा सुनेला किंवा मुलाला कुणी बोल लावू नये. गर्भात डोळा घडताना तेवढ्याच डोळ्याच्या पेशींत जनुकीय बदल होत असावा, असा काही संशोधकांचा अंदाज आहे.

आता तपासण्यांचं. याच वयात, अशीच चमक रेटिनोब्लास्टोमा या पडद्याच्या कॅन्सरमध्येही दिसते. पूर्वी या संशयापोटी कोट्सचा आजार असलेले डोळेही काढले गेले आहेत. बरं, सुई घालून तुकडा काढावा, तर कॅन्सर असल्यास तो डोळ्याबाहेर पसरण्याची भीती. म्हणून सगळा शोध बाहेरूनच घ्यावा लागतो. सोनोग्राफीत कॅल्शियमचे कण दिसले तर कॅन्सरचा संशय बळावतो. कोट्समध्ये ते सहसा नसतात. मग हाताच्या शिरेतून रंग सोडून पडद्याचे फोटो काढतात. त्यात फुगलेल्या रक्तवाहिन्या माळेतल्या दिव्यांसारख्या उजळतात. लहान मूल स्थिर बसत नाही, म्हणून भूल देतात. त्याला घाबरू नका. आजार लवकर सापडला तर लेसरने किंवा गोठवून त्या वाहिन्या बंद करता येतात आणि पडदा सुटण्याचा धोका कमी होतो.

कधीकधी निरोगी डोळाही विशिष्ट कोनातून पिवळा चमकतो, म्हणून नुसत्या फोटोवरून निदान होत नाही.

नातू तक्रार करत नाही, कारण चांगला डोळा दोघांचं काम करतो. चित्रांचं पुस्तक उघडून त्याच्याशी एक खेळ खेळा. आधी डावा डोळा तळहाताने झाका, मग उजवा. उजवा झाकल्यावरच तो तुमचा हात ढकलून देत असेल, तर डॉक्टरांना ते जरूर सांगा. मात्र ढकलला नाही म्हणून तपासणी लांबवू नका. आणि ते फोटो मोबाइलमधून पुसू नका, दवाखान्यात घेऊन जा.