ध्रुवपद सर्वांचे, कडवे एकाचे

वसतिगृहातील मुलांना गाणी शिकवताना आपण बहुधा पाठांतरावरच थांबतो. मुलांना स्वतःच्या चालीही सुचतात. त्या कोठे बसवाव्यात हे मात्र दाखवावे लागते. पालघरकडच्या वारली मुलांना ही बांधणी परकी नाही. तारपा नाचात वादकाने चाल बदलली की नाचणाऱ्यांची पावले बदलतात. चाल ओळखणे आणि तिच्यातला बदल ओळखणे, हाच रचनेचा पाया.

धडा असा घ्यावा :

१. मुलांना रिंगणात बसवून आठ मात्रांचा टाळ्यांचा ठेका सर्वांनी मिळून ठरवावा. हे ध्रुवपद, म्हणजे ‘अ’.

२. पुढच्या आठ मात्रा एका मुलाच्या. मांडीवर थाप, चुटकी किंवा घरच्या बोलीतले दोन शब्द, काहीही चालेल. हे ‘ब’.

३. सर्वांनी पुन्हा ‘अ’ वाजवावा. अ-ब-अ झाले की छोटी रचना पूर्ण होते.

४. दुसऱ्या मुलाचा ‘क’ जोडून अ-ब-अ-क-अ करावे.

५. ‘अ’साठी खडा, ‘ब’साठी पान, ‘क’साठी बी अशी ओळ जमिनीवर मांडावी. नंतर मुलांनीच ती बदलून वाजवावी.

एखादे बुजरे मूल आपल्या पाळीला गप्प राहिले, तर त्या आठ मात्रा शांतपणे मोजाव्यात आणि ‘अ’वर यावे. त्याला टोकू नये, त्याचे बोल दुरुस्तही करू नयेत. आपण चुकलो तरी सर्वांचा ठेका परत येणारच, हा भरवसा बसला की तेही टाळी देऊ लागते.

शेवटी नेहमीच्या एखाद्या उपासनागीतात ध्रुवपद किती वेळा परत येते, ते मुलांना मोजायला सांगावे.