शेततळ्यात मासे सोडताना : पिशवी फोडण्याआधीचा अर्धा तास



१० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन. १९५७ साली याच तारखेला ओडिशात अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन माशांचं प्रजनन यशस्वी केलं. त्याआधी कटला, रोहू, मृगळचं बीज नदीतूनच गोळा करावं लागायचं. आज आपण फोनवरून बोटुकली मागवतो ती त्या कामामुळे.

पाऊस झाला, तळी भरायला लागली, आणि "मासे कधी सोडू?" असे मेसेज सुरू झालेत. म्हणून आजचा पाठ मासे आणून सोडण्याचा.

आधी माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी एका सभासदाच्या तळ्यावर बीज घेऊन गेलो. पोचलो दुपारी एक वाजता. ऊन लागतंय म्हणून घाई केली, पिशव्या फोडल्या आणि ओतून मोकळा झालो. मासे पळाले, आम्ही फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदाच्या कडेला पांढरी रेघ दिसली. निम्म्याहून जास्त बीज मेलं होतं. वाटेत एकही मेलेलं नव्हतं, मेलं ते काठावर, माझ्या घाईनं. बीज परत आणता येतं, पण हंगाम गेला तो गेला.

*असं का होतं?*
माशाचं अंग पाण्याइतकंच गरम किंवा गार असतं. पिशवीतलं पाणी गार आणि काळ्या कागदावरचं दुपारचं पाणी कोमट असेल, तर त्याला एकदम झटका बसतो. तळ्यात बोअरचं पाणी असेल तर क्षार वेगळे, सामूही वेगळा. मासा लगेच मरत नाही. दमतो, तळाला बसतो आणि रात्रीतून जातो.

दुसरं कारण अमोनिया. प्रवासात मासे पिशवीतच घाण करतात, त्यातून अमोनिया साठतो. पिशवी बंद असते तोवर माशांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्याचा सामू खाली ठेवतो, त्यामुळे अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, सामू वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून *"बघू तरी कसं आहे बीज" म्हणून वाटेत पिशवी उघडू नका.* बघायचं ते बीज केंद्रावरच बघा.

*बीज घेताना*
१. थोडं बीज पसरट भांड्यात घ्या आणि हातानं पाणी गोल फिरवा. चांगलं बीज धारेच्या उलट पोहतं. वाहत जाईल ते घेऊ नका.
२. जिरे स्वस्त मिळतं, पण तळ्यात टिकत नाही. बोटुकलीच घ्या.
३. पॅकिंगआधी बीज उपाशी ठेवलं होतं का, ते विचारा. पोट रिकामं असेल तर पिशवीत घाण कमी होते.
४. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन हवा. पॅकिंग किती वाजता केलं ते लिहून घ्या.
५. छोटा हत्ती असो की जीप, पिशव्या सावलीत ठेवा, वर ओलं गोणपाट टाका. ढाब्यावर गाडी उन्हात उभी करू नका.

*तळ्यावर पोचल्यावर*
१. वेळ सकाळी ७ ते ९ किंवा संध्याकाळी ५ नंतर. अगदी पहाटे नको, कारण रात्रभरात पाण्यातला ऑक्सिजन कमी झालेला असतो.
२. *बांधलेली पिशवी तशीच* तळ्यात १५-२० मिनिटं तरंगत ठेवा.
३. मग तोंड उघडा आणि लगेच तळ्याचं पाणी तांब्या-तांब्यानं आत घालायला लागा. हे काम १५-२० मिनिटं चालू द्या.
४. पिशवी आडवी करा. मासे आपापले बाहेर जाऊ द्या, वरून ओतू नका.
५. पाण्याची खात्री नसेल तर आदल्या दिवशी जवळच्या तळ्यातले पाच-सहा छोटे मासे मच्छरदाणीच्या पिशवीत घालून आपल्या तळ्यात ठेवा. एक दिवस जगले तर पुढे जा.

*किती सोडायचे?*
हेक्टरी ५,००० ते १०,००० बोटुकली हे सर्वसाधारण प्रमाण. ३० × ३० मीटरचं तळं जवळपास ९ गुंठ्यांचं, म्हणजे ४५० ते ९०० मासे. आपल्याकडे मार्चनंतर पाणी झपाट्यानं उतरतं, म्हणून पहिल्या वर्षी ५०० वरच थांबा.

*फवारणी सांभाळा*
आता सोयाबीनची फवारणी चालू आहे. लॅम्बडा-सायहॅलोथ्रिनसारखं औषध थोडं जरी तळ्यात गेलं तरी मासे मरतात. पंप तळ्यावर धुऊ नका. औषधाची बादली माशांसाठी कितीही धुतली तरी वापरू नका.

*घरातल्या काचेच्या टाकीबद्दल*
घर बदलताना मुलांचे मासे कसे न्यायचे, असं दोघांनी विचारलं होतं. नियम तेच. आदल्या दिवशी खाणं बंद, मासे जुन्याच पाण्यात न्या, नव्या जागी हळूहळू पाणी मिसळा. टाकी भरलेली उचलू नका. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत ५० लिटरच्या वर पाणी असतं, म्हणजे ५० किलोहून जास्त वजन, आणि सांधे उकलतात. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातच असतात, म्हणून तो जुन्या पाण्यात ओलाच न्या. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो, ते एक दिवस उघडं ठेवून मग वापरा.

आणि नको झालेले शोभेचे मासे तळ्यात किंवा धरणात सोडू नका. उजनीत सकर मासा असाच शिरला आणि आता मच्छीमारांच्या जाळ्यात येतोय. थाई मांगूर पाळायला तर बंदीच आहे.

*शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं :* कागदाच्या तळ्याचा उतार शेवाळानं निसरडा होतो. घसरलेला माणूस, पोहता येत असलं तरी, वर चढू शकत नाही. काठाला गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब बांधल्याशिवाय मासे सोडायला उतरू नका. एकट्यानं जाऊ नका, लेकरांना काठावर नेऊ नका.

बीज मागवायच्या आधी तळ्याची लांबी-रुंदी, पाण्याची खोली आणि पाणी पावसाचं की बोअरचं, एवढं लिहून पाठवा. किती आणि कधी आणायचं ते ठरवू.


आपला कृषी सल्लागार