जुना गिअरबॉक्स, नवे इंजिन

प्रश्न : कुर्ल्याच्या प्रीमियरने बांधलेला जुना फार्गो ट्रक आमच्याकडे आहे. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायचे आहे. मूळ गिअरबॉक्स चालेल का?
– एक वाचक, वरसे (ता. रोहा)

उत्तर : चालेल. अशा फार्गो-डॉजमध्ये पर्किन्सची डिझेल इंजिने त्या काळीच बसत होती, त्यामुळे आधी भंगारबाजारात तयार बेल हाउसिंग शोधा. न मिळाल्यास इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये जाड पोलादी प्लेट करून घ्यावी लागेल. धाटावच्या बाजूला चांगला लेथवाला गाठा. 'बोल्ट बसले म्हणजे झाले' म्हणणाऱ्याकडे मात्र जाऊ नका! क्रँकवर डायल गेज लावून हाउसिंगचे भोक तपासा; पूर्ण फेरीत सुई ०.२५ मिमीपेक्षा जास्त हलायला नको. मध्य चुकला की पायलट बेअरिंग आणि इनपुट शाफ्टचे बेअरिंग लवकर जाते. मध्य जुळला की डॉवेल पिना ठोकाच. क्लच प्लेटचे दाते गिअरबॉक्सप्रमाणे, व्यास फ्लायव्हीलप्रमाणे.

डिझेलच्या फेऱ्या कमी. ३६०० ऐवजी २४०० मिळाल्या, तर त्याच गिअरात कमाल वेग दोन-तृतीयांशच राहील. पूर्वीचा वेग हवाच असेल तर क्राउन-पिनियन बदला, पण मग चढणीला ओढ कमी पडेल. मालाची गाडी असेल तर मी बदलणार नाही.

आणि इंजिन उतरवण्याआधी पेणच्या आरटीओची परवानगी घ्या; मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ तेच सांगते.